अ‍ॅबसिंथ, भास आणि कापलेला कान: तेच ते प्रश्न, एकदाची उत्तरं

मागच्या महिन्यात विषारी वनस्पतींबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य टाकलं होतं, की वर्मवुड नावाच्या कडू झुडपावर जेवढे आळ आलेत त्यातले निम्मे खोटे आहेत. झालं! तेव्हापासून मेल येतायत ते थांबायचं नाव घेत नाहीत. कुणी प्रागला जाऊन आलंय, कुणी रील बघितलंय, कुणाच्या मित्राच्या मित्राला वर्मवुडची दारू, म्हणजे अ‍ॅबसिंथ, पिऊन हिरवी परी दिसलीय. मी औषधशास्त्र आणि विषशास्त्र शिकवते, दारूतली जाणकार नाही, त्यामुळे कुठला ब्रँड घ्यावा हे मला विचारू नका. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की अ‍ॅबसिंथ म्हणजे वर्मवुड, अनिस (बडीशेपेसारखंच एक सुवासिक बी) आणि बडीशेप यांचा अर्क असलेली, साधारण ४५ ते ७४ टक्के अल्कोहोलची, बहुतेक वेळा हिरवी दारू.

प्रश्न: अ‍ॅबसिंथ प्यायल्यावर खरंच भास होतात का? (पुणे)

नाही.

प्रश्न: पण त्यात थुजोन असतं आणि ते गांजासारखं काम करतं असं सगळीकडे लिहिलंय. मग भास होत नाहीत कसं म्हणता? (ठाणे)

सगळीकडे लिहिलंय कारण सगळे एकमेकांचं बघून लिहितायत. १९७५ साली काही संशोधकांनी एक तर्क मांडला होता, की वर्मवुडमधल्या थुजोन या द्रव्याच्या रेणूचा आकार गांजातल्या नशा आणणाऱ्या टीएचसीशी थोडाफार जुळतो तेव्हा दोघं मेंदूत एकाच ठिकाणी जाऊन बसत असतील. तो फक्त तर्क होता. १९९९ मध्ये कुणीतरी ते नीट तपासलं, तेव्हा कळलं की थुजोन गांजासारखं काम करत नाही. पण पहिली बातमी गावभर झाली आणि दुसरी कुणी वाचलीच नाही, नेहमीचंच आहे हे.

थुजोन नक्की काय करतं ते २००० साली स्पष्ट झालं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते चेतापेशींना शांत ठेवतं, थुजोन त्याच्या कामात अडथळा आणतं. म्हणजे जास्त प्रमाणात पोटात गेलं तर झटके येतात, फिट येते. परी वगैरे येत नाही.

आता प्रमाण बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच देशांनी या दारूवर बंदी घातली, त्या बंदीच्या आधीच्या काळातल्या १३ सीलबंद बाटल्या उघडून केलेली तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात लिटरमागे थुजोन निघालं ०.५ ते ४८ मिलिग्रॅम, सरासरी २५. आज युरोपात अशा पेयांसाठी मर्यादा आहे किलोमागे ३५ मिलिग्रॅम. म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये जास्तीत जास्त एक मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच पेगमध्ये दारू ७२ टक्क्यांची असेल तर शुद्ध अल्कोहोल सुमारे १७ ग्रॅम, आपल्याकडच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये ते १० ग्रॅम असतं. थुजोनने काही व्हायच्या कितीतरी आधी तुम्ही अल्कोहोलनेच आडवे व्हाल. आणि ज्यांना फिट येतात, जे मिरगीची औषधं घेतात, ज्या गरोदर आहेत, त्यांनी हा एक मिलिग्रॅमचा हिशोब वाचून खूश होऊ नये, तुमचं गणित वेगळं आहे, ते तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन सोडवा.

प्रश्न: एवढं निरुपद्रवी होतं तर इतक्या देशांनी बंदी का घातली? काहीतरी असल्याशिवाय धूर येत नाही. (नाशिक)

निरुपद्रवी मी कुठेही म्हटलेलं नाही, सत्तर टक्क्यांची दारू निरुपद्रवी कशी असेल? पण धूर कुठून येत होता ते सांगते, जरा लांबण लागेल.

अ‍ॅबसिंथ मूळची स्वित्झर्लंडची, न्यूशातेल प्रांतातल्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातली. अठराव्या शतकाच्या शेवटी कुव्हे गावात ती औषधी अर्क म्हणून विकली जायची. पिएर ऑर्दिनेर नावाच्या डॉक्टरने शोधली अशी एक कथा आहे, गावातल्या आंरियो घराण्यातल्या बायकांकडे ती आधीपासून होती अशी दुसरी आहे. नक्की एवढं की १७९७ मध्ये द्युबिए नावाच्या माणसाने कृती विकत घेतली आणि त्याच्या जावयाने, पेर्नोने, १८०५ साली सीमेपलीकडे फ्रान्समध्ये पाँतार्लिए इथे मोठा कारखाना काढला. पुढे अल्जीरियात लढणाऱ्या फ्रेंच सैनिकांना तापावर उपाय म्हणून ती दिली जायची, ते चव घेऊनच घरी परतले. मग फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे संपवले, वाईन महाग झाली, आणि बीटरूट किंवा धान्याच्या स्वस्त अल्कोहोलपासून केलेली अ‍ॅबसिंथ कामगारालासुद्धा परवडायला लागली. १८७४ मध्ये फ्रान्स वर्षाला सात लाख लिटर पीत होता, १९१० मध्ये ३ कोटी ६० लाख लिटर. आता सांगा, एवढी दारू ढोसणाऱ्या समाजात वेड, फिट, मारामाऱ्या वाढल्या तर नवल काय?

पण दोष अल्कोहोलला द्यायचा नव्हता, कारण अल्कोहोल वाईनमध्येही होतं. पॅरिसच्या सेंत-आन इस्पितळातले मनोविकारतज्ज्ञ व्हालांताँ मान्याँ यांनी एक प्रयोग केला. काचेच्या पेटीत गिनिपिग, सोबत बशीत अल्कोहोल. दुसऱ्या पेटीत प्राणी आणि बशीत वर्मवुडचं शुद्ध तेल. अल्कोहोलवाला झिंगला, तेलवाल्याला झटके आले. यावरून ठरलं की 'अ‍ॅबसिंथिझम' हा दारूच्या व्यसनापेक्षा वेगळा, भयंकर आजार आहे. अहो, पण ग्लासातल्या अ‍ॅबसिंथमध्ये ते तेल असतं किती? हा प्रश्न त्या काळीही काहींनी विचारला, पण कोण ऐकतंय.

मग १९०५. स्वित्झर्लंडमधल्या कोम्युन्यी गावात २८ ऑगस्टला जाँ लांफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायको आणि दोन लहान मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी त्याच्या पोटात गेलं होतं ते असं: भरपूर वाईन, कोन्याक, पुदिन्याची गोड दारू, आणि दोन ग्लास अ‍ॅबसिंथ. रोज काही लिटर वाईन पिणारा माणूस होता तो. पेपरात काय आलं? अ‍ॅबसिंथचा बळी! वाईनचं नावही नाही, कारण तो सगळा मुलूखच द्राक्षमळ्यांचा. कोम्युन्यी ज्या प्रांतात आहे त्या व्हो प्रांताने लगेच बंदी आणली, ५ जुलै १९०८ ला देशभर मतदान झालं आणि ऑक्टोबर १९१० पासून अख्ख्या स्वित्झर्लंडमध्ये बंदी लागू. अमेरिका १९१२, फ्रान्स मार्च १९१५, महायुद्ध चालू असताना. द्राक्षमळेवाले आणि दारूविरोधी चळवळवाले एका बाजूने उभे राहिले, यातच सगळं आलं, चळवळवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या लेखी वाईन ही दारूच नव्हती.

अ‍ॅबसिंथच्या माहेरच्या, व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातल्या लोकांनी मात्र बंदीला फारसं जुमानलं नाही. हिरव्या रंगाने पकडले जाऊ म्हणून पांढरी, बिनरंगाची करायला लागले, घराघरात भट्टी. १९८३ साली फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ न्यूशातेलला आले तर सरकारी मेजवानीत त्यांच्यापुढे अ‍ॅबसिंथ घातलेला गोड पदार्थ ठेवला गेला, मग केवढा गदारोळ. शेवटी स्वित्झर्लंडमध्ये १ मार्च २००५ ला बंदी उठली. मोतिए गावात ज्या इमारतीत चोरून गाळणाऱ्यांना शिक्षा सुनावल्या जायच्या, तिथेच आता अ‍ॅबसिंथचं संग्रहालय आहे.

प्रश्न: व्हॅन गॉगने अ‍ॅबसिंथ पिऊनच कान कापला ना? आणि त्याला सगळं पिवळं दिसायचं तेही त्यामुळेच? (नागपूर)

डिसेंबर १८८८, आर्ल गाव, कान कापला हे खरं. तो पीत होता हेही खरं. पण तो आजारी होता, नीट खात नव्हता, झोपत नव्हता, सोबत राहणाऱ्या गोगँ या चित्रकाराशी भांडण झालेलं, यातलं एक कारण उचलून बाटलीवर चिकटवायचं हे विक्रेत्यांचं काम आहे. पिवळ्या रंगाचं म्हणाल तर चित्रकाराला एखादा रंग आवडू शकतो. १३०-१४० वर्षांपूर्वी गेलेल्या पेशंटचं निदान मी करत नाही, तुम्हीही करू नका.

प्रश्न: आमच्या इथल्या बारमध्ये साखरेचा क्यूब दारूत बुडवून पेटवतात, ही पारंपरिक फ्रेंच पद्धत आहे असं बारटेंडर म्हणाला. (मुंबई)

बारटेंडरला सांगा हे १९९० च्या दशकातलं चेक मार्केटिंग आहे. जुन्या पद्धतीत भोकाचा चमचा ग्लासवर आडवा, त्यावर साखर, वरून बर्फाचं थंडगार पाणी थेंब थेंब, दारूच्या तीन ते पाच पट. आग कुठेच नाही. सत्तर टक्क्यांच्या दारूशेजारी काडी ओढणं ही परंपरा नसून बर्न्स वॉर्डची अपॉइंटमेंट आहे, आणि लांब बाह्यांचे कपडे घालून, दोन पेग झाल्यावर तर मुळीच नको.

प्रश्न: पाणी घातल्यावर ती दुधासारखी पांढरी होते, म्हणजे भेसळ असते का? (सातारा)

उलट, न झाली तर शंका घ्या. अनिस आणि बडीशेप यांच्यात अनेथोल नावाचं सुगंधी द्रव्य असतं. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ते बारीक बारीक थेंब होऊन बाहेर पडतं आणि त्यावरून प्रकाश विखुरतो. डेटॉल पाण्यात टाकल्यावर बादली पांढरी होते ना, दिसायला अगदी तसंच. नीट बघितलं तर आधी ग्लासाच्या तळाशी धुरासारख्या रेघा सुटतात, मग ढग वर चढत जातो, आणि सगळ्यात वर हिरव्या दारूची एक पातळ पट्टी बराच वेळ टिकते. बघायला छान असतं हे, कबूल आहे.

भेसळ होती ती एकोणिसाव्या शतकात. स्वस्त मालाला हा पांढरेपणा यावा म्हणून अँटिमनीचे क्षार, हिरवा रंग यावा म्हणून मोरचूद, वर कच्चं औद्योगिक अल्कोहोल. वर्मवुडच्या नावावर खपवलेली किती दुखणी खरं तर या मालाची होती कोण जाणे. आणि हे इतिहासजमा झालंय असं समजू नका. २०१२ मध्ये चेक प्रजासत्ताकात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने माणसं मेली तेव्हा सरकारला काही दिवस कडक दारूची विक्रीच थांबवावी लागली, आणि आपल्याकडे मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसं गेली. लेबल नसलेली, 'गावची', 'घरगुती' बाटली कितीही प्रेमाने दिलेली असो, घेऊ नका. प्यायल्यावर काही तासांनी धुरकट दिसायला लागलं तर झोपून बघू म्हणायचं नाही, तडक हॉस्पिटल.

खऱ्या अ‍ॅबसिंथचा हिरवा रंग शेवटी घातलेल्या पानांच्या हरितद्रव्याचा असतो, तो वर्षानुवर्षांनी वाळक्या पानासारखा तपकिरी होतो. काउंटरवर हायलायटरसारखी चमकणारी बाटली दिसली तर तो खायचा रंग आहे. आणि लेबलवर 'जास्त थुजोन' असं ओरडून लिहिलं असेल तर एकतर ते खोटं आहे नाहीतर बेकायदा, दोन्हीत तुमचे पैसे जातात.

प्रश्न: नदीत अ‍ॅबसिंथ वाहिली होती ही अफवा आहे का? (औरंगाबाद)

ही मात्र अफवा नाही! ११ ऑगस्ट १९०१ ला पाँतार्लिएच्या पेर्नो कारखान्यावर वीज पडली, आग लागली, स्फोट होऊ नये म्हणून प्रचंड साठा सोडून दिला तो दू नदीत गेला. एक-दोन दिवसांनी डोंगरापलीकडे लू नदीच्या उगमाशी पाण्याला अनिसचा वास. दूचं पाणी जमिनीखालून लूला मिळतं हे त्यावरून कळलं. अ‍ॅबसिंथने विज्ञानाची केलेली ही एकमेव बिनतक्रार सेवा.

प्रश्न: ऑनलाइन वर्मवुडचं इसेन्शियल ऑइल ५०० रुपयांत मिळतं. व्होडकात काही थेंब टाकून घरी अ‍ॅबसिंथ करता येईल का? नॅचरल आहे त्यामुळे साइड इफेक्ट नसावेत. (पिंपरी)

नाही, नाही आणि नाही. हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्या लोकांनी विचारलाय की मला खरंच धडकी भरली, म्हणून इथे सविस्तर.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात एक केस छापून आली. ३१ वर्षांचा धडधाकट माणूस. इंटरनेटवर अ‍ॅबसिंथबद्दल वाचलं, अरोमाथेरपीचा माल विकणाऱ्याकडून वर्मवुडचं तेल मागवलं, हीच अ‍ॅबसिंथ असं समजून साधारण १० मिली प्यायला. दोन चमचे हो! वडिलांना तो घरात सापडला तेव्हा बरळत होता, आवरत नव्हता. झटके आले, स्नायू इतके मोडले की त्यातून सुटलेल्या द्रव्यांनी मूत्रपिंडं बंद पडली. वाचला तो, नशीब. इंटरनेट नवं होतं तेव्हाची ही गोष्ट, आज तर तेच तेल घरपोच येतं, सोबत एक लव्हेंडर फ्री.

समजून घ्या काय होतं ते. अ‍ॅबसिंथ करताना सुकी झुडपं अल्कोहोलमध्ये भिजवून ऊर्ध्वपातन करतात, शेवटी लिटरमागे थुजोन काही मिलिग्रॅम उरतं. इसेन्शियल ऑइल म्हणजे ढीगभर झुडपांतून काढलेला एवढासा अर्क, त्यात थुजोन मिलिग्रॅममध्ये नाही तर टक्क्यांत मोजतात, आणि किती टक्के ते झाडाच्या वाणावर, जमिनीवर, तोडणीवर बदलतं. बाटलीवर लिहिलेलं नसतं. म्हणजे 'काही थेंब' या शब्दांना काही अर्थच नाही, या बाटलीतले पाच आणि त्या बाटलीतले पाच यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. मान्याँच्या गिनिपिगला जे झालं ते या तेलाने झालं होतं. तेव्हाची चूक ही की तेलावरचा निष्कर्ष दारूला लावला, आजची चूक बरोब्बर उलटी, दारू सुरक्षित ठरली म्हणून लोक तेल प्यायला निघालेत.

आणि 'नॅचरल' हा शब्द तर माझ्यासमोर काढूच नका. धोतरा नॅचरल आहे, कण्हेर नॅचरल आहे. कापूर आणि निलगिरीचं तेल आपल्या घराघरात असतं, देवघरात आणि सर्दीच्या डब्यात, आणि ते गिळून फिट आलेली लहान मुलं हॉस्पिटलात येतात, आजही. सुवासिक तेलांपैकी बरीचशी मेंदूवर परिणाम करतात, छोट्या शरीरात फार लवकर. 'आंतरिक वापरासाठी सुरक्षित' असं लिहून ही तेलं विकणाऱ्यांना विचारा की किती मिली, किती वजनाच्या माणसाला, कुणी तपासलं? उत्तर येत नाही, डिस्काउंट कूपन येतं.

वर्मवुडची सुकी पानं आणि व्होडका असं 'किट' मिळतं त्यातही काही राम नाही, नुसतं भिजवल्यावर त्यातला अ‍ॅबसिंथिन हा जहाल कडू पदार्थ उतरतो, जो ऊर्ध्वपातनात मागे राहतो, त्यामुळे हाती येतो तो काढा. घरी भट्टी लावाल तर महाराष्ट्रात तो सरळ गुन्हा आहे.

तेल कुणी प्यायलंच असेल तर उलटी करवू नका, दूध-तूप काही पाजू नका, १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या. काही होत नाहीये म्हणून घरी वाट बघत बसणं हा सगळ्यात महाग पडणारा निर्णय.

प्रश्न: जोतिबाला आम्ही वाहतो तो दवणा वर्मवुडच्याच कुळातला आहे असं कळलं. मग घरात ठेवणं धोक्याचं का? (कोल्हापूर)

नातेवाईक आहेत, आर्टेमिसिया हे कूळ दोघांचं एकच. पण दवण्याचा वास थुजोनचा नव्हे, डॅव्हानोनचा. चैत्र यात्रेला खुशाल वाहा, कपाटात ठेवा. पोटात घ्यायचा विचार असेल तर वैद्यांना विचारून, आणि दवण्याचं तेल पिण्याबद्दल वरचंच उत्तर परत वाचा.

प्रश्न: फ्रेंच सैनिक तापावर घेत होते म्हणजे मलेरियावर उपयोगी असणार. याच झाडाच्या औषधाला नोबेल पण मिळालंय ना? (रत्नागिरी)

झाड वेगळं. २०१५ चं नोबेल तू योयो यांना आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी मिळालं, ते आर्टेमिसिया अ‍ॅन्युआमधून येतं, अ‍ॅबसिंथमध्ये ती नसते. ताप आला की रक्त तपासा, दारूने मलेरिया जात नाही, फक्त डॉक्टरकडे जायला उशीर होतो. कोकणात पावसाळ्यात तर एक दिवसही घालवू नका.

प्रश्न: मेहुणे प्रागहून ७५ टक्क्यांची बाटली आणणार आहेत, चालेल ना? (बेळगाव)

७० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल विमानात नेता येत नाही, केबिनमध्येही नाही आणि सामानातही नाही. मेहुण्यांना चॉकलेट आणायला सांगा.

प्रश्न: मिस्टर रोज संध्याकाळी व्हिस्की घेतात, बरीच. आता ते म्हणतात अ‍ॅबसिंथ हर्बल आहे, पचनाला चांगली, तीच घेत जाईन. मी म्हणते सगळंच एकदम बंद करा. कोण बरोबर? (नाव-गाव देत नाही)

ताई, दोघंही नाही. हर्बल असण्याने अल्कोहोल कमी होत नाही, उलट पेगमागे जास्त जातंय, हिशोब वर दिलाय. लिव्हरला झाडपाला दिसत नाही.

पण तुमचं म्हणणं जास्त काळजीचं आहे म्हणून नीट वाचा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका दिवसात बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, फिट, भिंतीवर किडे-माणसं दिसणं, हे सगळं होऊ शकतं आणि यात जीवही जाऊ शकतो. पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाल्यावर ज्यांची दारू अचानक तुटली त्यांना फिट आली, भास झाले, आणि दोष लागला हिरव्या झुडपाला, त्यातली बरीच प्रकरणं हीच असावीत असं मला वाटतं. तेव्हा त्यांना दम देऊन, बाटल्या ओतून देऊन घरच्या घरी बंद करायला लावू नका. रोज किती, किती वर्षं, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, पूर्वी कधी फिट आली होती का, हे एका कागदावर लिहा आणि या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन जा, पुण्याजवळ असाल तर मुक्तांगण आहे. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करून मराठीतही बोलता येतं. आणि त्याआधीच फिट आली किंवा बरळायला लागले तर वाट बघू नका, १०८.